प्लॅटफॉर्म कंपन्या, म्हणजे विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची गाठ घालून देणाऱ्या, आधी सगळं फुकट देतात आणि मग विक्रेत्यांना पिळतात. हे आधीच ठरलेलं असतं का?

मी तीन वर्षं अशाच एका ऑनलाइन बाजारात माल विकलाय, त्यामुळे 'हो' म्हणायला जीभ शिवशिवते. पण अगदी तसं नाही.

विकणारे नसले की घेणारे येत नाहीत आणि घेणारे नसले की विकणारे फिरकत नाहीत. ही कोंडी फोडायची तर कुणाला तरी फुकट आत घ्यावंच लागतं. पैसे नंतर कुठून काढायचे, ते बरेचदा कंपनीलाही धडपडतच सापडतं.

चीनमधला किस्सा बघा. २००३ मध्ये ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजाराने तिथली ईचनेट ही तशीच साइट विकत घेतली आणि त्याच वर्षी अलीबाबा या चिनी कंपनीने ताओबाओ हा आपला ऑनलाइन बाजार काढला. ईबे माल मांडायचे पैसे घ्यायची, ताओबाओ काहीच घेत नव्हतं. पण नुसतं फुकट असून भागलं नसतं. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवणार कोण? अलीबाबाच्याच अलीपे या पैसे देण्याघेण्याच्या सेवेने ती भीती घालवली: माल हाती पडेपर्यंत पैसे त्यांच्याकडेच राहायचे. शिवाय घासाघीस करायला चॅट होतं. २००६ च्या अखेरीस ईबेने आपली चिनी साइट गुंडाळली.

मग ताओबाओने कमावलं कशावर? जाहिरातींवर. दुकान मांडणं फुकटच राहिलं, पण लाखोंच्या गर्दीत वर दिसायचं तर पैसे मोजा. (कमिशन आलं ते २००८ नंतर, मोठ्या ब्रँडसाठी काढलेल्या वेगळ्या विभागात, म्हणजे आताच्या टीमॉलवर.) माझ्याही बाबतीत हेच झालं. कमिशन फारसं वाढलं नाही, पण जाहिरात थांबवली की माझा माल कुठल्या पानावर जाऊन पडायचा देव जाणे. आणि सोडून जायचं तर ग्राहकांनी दिलेले रिव्ह्यू तिथेच राहणार. खरी बेडी ती.

जिथे अशी बेडी नसते तिथे कंपनीचेच हाल. टॅक्सीचालक दोन अ‍ॅप सहज चालू ठेवतो, प्रवासीही दोन्हीकडे भाडं बघतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना सवलती वाटत बसावं लागतं. उबरने २०१६ मध्ये चीनमधला धंदा दीदी या तिथल्या टॅक्सी अ‍ॅपला दिला, २०१८ मध्ये आग्नेय आशियातला तिथल्याच ग्रॅबला. बदल्यात दोघांमध्ये हिस्सा घेऊन मोकळी झाली.

तेव्हा कुठे विकायचं हे ठरवताना मी कमिशनचा आकडा शेवटी बघतो. आधी हे बघतो, की उद्या निघायचं झालं तर माझं काय काय मागे राहील. दुसऱ्या साइटवर दुकान मी तिसऱ्या वर्षी उघडलं, तोवर माझे सगळे रिव्ह्यू पहिल्याच ठिकाणी साचले होते.