सेकंड हँड गाडी पाहायला आधी वेल्डर न्या, मेकॅनिक मग

प्रश्न असा: "यवतमाळकडे राहतो. जुनी गाडी घेऊन मागे झोपायची सोय करायची आहे. दोघंच, दोन-तीन दिवस, मेळघाट, नवेगावबांध, लोणार इतकंच. ईको, बोलेरो की जिप्सी? फोर बाय फोर लागेलच का?"

नाही लागत. ओल्या काळ्या मातीत चारही चाकं फिरली तरी टायरच्या खाचा दोन मिनिटांत चिखलानं भरतात आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकते. पाऊस झाला की पांदणीत शिरायचं नाही, मुरमाच्या रस्त्यावरच थांबायचं. यात पैसे लागत नाहीत. जिप्सी तर डोक्यातून काढाच. चारही चाकांना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पेट्रोलची भूक मोठी, आणि जंगल सफारीतून निघालेली असली तर कापलेलं छप्पर नि टुरिस्ट पासिंगचे कागद गळ्यात.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे गाडी पाहायला मेकॅनिक नेतात. तो बॉनेट उघडतो, रेस देतो, "इंजिन मक्खन आहे भाऊ" म्हणतो आणि सौदा होतो. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेला पत्रा आणि खाल्लेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बांधता येत नाही, नुसती ठिगळं लागतात. गावाकडची बोलेरो सडते ती पावसानं कमी, खतानं जास्त. मधली सीट पाडून युरिया, डीएपी, पोटॅशच्या गोण्या नेलेल्या असतात. गोणी कुठंतरी उसवते, दाणे चटईखाली जातात. युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि पोटॅश म्हणजे शेवटी क्लोराइडचं मीठच. वरून झाडलं की स्वच्छ दिसतं, खाली मात्र ते पाणी धरून पत्रा खात बसतं.

म्हणून पाहायची रीत अशी. मागच्या आडव्या सीटांचे बोल्ट काढायला लावा, चटई पूर्ण उचला. "कशाला उगाच" म्हणणारा मालक असेल तर तिथूनच परत फिरा. चाकाच्या कमानीचा आतला कोपरा, मागच्या दाराचा उंबरठा आणि सीटबेल्टच्या बोल्टभोवतीचा पत्रा जाड पेचकसानं दाबा. रंगाला फुगे असतील तर तिथं हमखास दाबा. पेचकस आत गेला म्हणजे बाजूचा वीतभर पत्रा गेलाच धरा. मग गाडीखाली शिरा. बॉडी चेसिसवर ज्या रबरांवर बसते त्यांचे ब्रॅकेट, मागच्या पाट्यांचे हँगर, आणि चेसिसच्या पेटीत साचलेली माती पाहा. छोट्या हातोडीनं वाजवत जा: चांगलं लोखंड टणटण वाजतं, सडलेलं भदभद. खालून ताजा डांबरी रंग मारलेला दिसला तर किंमत कमी करायच्या भानगडीत पडू नका, गाडी सोडा. हे सगळं वेल्डरला दहा मिनिटांत कळतं, कारण ठिगळ कुठं धरत नाही हे त्यालाच माहीत असतं.

पाटे दोन्ही बाजूंचे मोजा. कापसाच्या भाड्यासाठी एखादा वाढवलेला असेल तर रिकामी गाडी दगडासारखी उडते. तो पाटा काढता येतो. पण मूळ पाटे सपाट झाले असतील तर नवा सेट धरूनच भाव करा.

इंजिनाचंही सांगतो, नाहीतर म्हणाल सोडलं. रात्रभर थंड ठेवलेली गाडीच सकाळी सुरू करा. ऑइल भरायचं झाकण उघडून त्यातून धूर धपधप मारतो का पाहा. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा: पाणी गंजाच्या रंगाचं असेल तर कूलंट कधी पडलेलंच नाही. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातली गाडी असेल तर इथं जास्त वेळ घाला. बोअरचं खारं पाणी रेडिएटरची आतून वाट लावतं. मग भर दुपारी एसी लावून वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्याही वर चढत गेला तर आपल्या मे महिन्यात ती गाडी चिखलदऱ्याचा घाट चढणार नाही.

पुरात बुडालेली ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते.

दोघांसाठी मी ईको घ्या म्हणेन, पाच सीटची. मागचा बाक निघाला की बाजूच्या सरकत्या दारांसह जागा चांगली मिळते, सुटे भाग तालुक्याला मिळतात. पण इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, बूड तापतं, आणि रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, पाणी असलं की थांबायचं. घरचे चौघं निघणार असतील किंवा घाट नेहमीचा असेल तर बोलेरो, १.५ लिटरची, २०१६ ते मार्च २०२० मधली. त्यानंतरच्या, बीएस-६ या नव्या प्रदूषण नियमाच्या डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर हळू, छोट्या फेऱ्यांत तुंबतो.

आतलं बांधकाम हलकं ठेवा. १२ मिमीची ८ बाय ४ प्लाय साधारण २२ किलो, १८ मिमीची ३३. १२ पुरते, खाली एक इंची चौकोनी पाइपची चौकट द्या. ती सीटच्याच बोल्टांच्या भोकांत कसा, बॉडीला वेल्डिंग नको. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, ते तळाशी, मागच्या ॲक्सलच्या पुढं. रात्रीचा बारा व्होल्टचा पंखा, दिवा, दोन मोबाइल मिळून १५ ॲम्पिअर-तासांच्या आत बसतं. ३० ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुष्कळ झाली. बॅटरीपासून वीतभरातच फ्यूज. आणि उन्हात उभ्या गाडीत ती चार्जिंगला लावू नका.

राहिलेलं: मुक्काम टायगर रिझर्व्हमध्ये परवानगीशिवाय नाही, बाहेरच्या गावात विचारून गाडी लावा. झोपताना इंजिन बंद, शेगडी बाहेर. सीटा कायमच्या काढल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याचा) प्रश्न येतो, म्हणून त्या घरी जपून ठेवा, पासिंगला परत बसवा. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आधी मागा.

वरचं सगळं गावातल्या गाडीबद्दल. नागपूर शहरात ऑफिसला गेलेली बोलेरो मिळाली तर खताची भीती नाही, पण चटई तरी उचलाच.