'कठीण' हे बटण विसरलेल्या कार्डासाठी नाही

"रोज अ‍ॅप वापरतो, तरी ऐन वेळी आठवत नाही," ही तक्रार इतक्यांदा आली आहे की यावेळी त्याभोवतीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. अ‍ॅप म्हणजे फ्लॅशकार्डांचं : कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. कार्ड उलटलं की किती आठवलं ते 'पुन्हा', 'कठीण' अशा बटणांनी सांगायचं, त्यावरून पुढची उजळणी ठरते.

प्रश्न : उजळणी कधी करायची हे अ‍ॅप कसं ठरवतं?

प्रत्येक कार्डाचा हिशेब वेगळा असतो. पोलंडचे संशोधक पिओत्र वोझ्न्याक यांच्या १९८७ च्या एसएम-२ पद्धतीत पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी, आणि पुढे दर वेळी अंतराला गुणक. तो सुरुवातीला २.५, म्हणजे १५ दिवस, मग साधारण ३८. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : १-३-७-२१ दिवसांचं सूत्र सर्वांना लागू पडतं असं ऐकलं. खरं का?

नाही.

प्रश्न : उत्तर आठवत नाही, पण कार्ड उलटल्यावर ओळखीचं वाटतं. अशा वेळी मी 'कठीण' दाबते. बरोबर ना?

साफ चूक, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. समोर उत्तर असताना ओळखीचं वाटणारच! 'कठीण' याचा अर्थ 'आठवलं, पण कष्टाने'. आठवलं नसेल तर 'पुन्हा', दुसरं काही नाही. अँकी या फ्लॅशकार्ड अ‍ॅपच्या, एसएम-२ वर बेतलेल्या जुन्या पद्धतीत 'कठीण' दाबलं तरी अंतर वाढतच जातं, साधारण १.२ पटीने. विसरलेलं कार्ड आणखी लांब जातं. २०२३ पासून अँकीत असलेल्या एफएसआरएस पद्धतीत नुकसान त्याहून मोठं. ती तुमच्या जुन्या नोंदींवरून तुमची स्मरणशक्ती मोजते आणि 'कठीण' म्हणजे आठवलं असंच धरते. अशा खोट्या नोंदी साचल्या की बाकीच्या कार्डांची अंतरंही बिघडतात. म्हणून कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा. 'पुन्हा' दाबण्यात कसली आलीय लाज? खोट्या नोंदी आधीच झाल्या असतील, तर ठरावीक तारखेआधी उजळणी केलेली कार्डं या हिशेबातून वगळायची सोय सेटिंगमध्ये आहे. पण आधी बॅकअप घ्या आणि जाणकाराला बसवूनच तिला हात लावा.

प्रश्न : एफएसआरएसच्या सेटिंगमध्ये लक्षात राहण्याचं अपेक्षित प्रमाण ९० टक्क्यांवरून ९७ केलं तर?

अंतरं साधारण पाव होतात, उजळण्या त्या मानाने वाढतात. ९० राहू द्या. परीक्षेसाठी जास्त हवंच असेल तर शिक्षकांशी बोलून मोजक्याच विषयांपुरतं वाढवा.

प्रश्न : महिनाभर खंड पडला, १,८०० कार्डं साचली. सगळं पुसून नव्याने सुरू करू?

पुसू नका, जुन्या नोंदी हेच तर भांडवल. नवी कार्डं आजपासून बंद. रोज झेपतील तेवढी जुनी काढा, पण आजच. "रविवारी एकदम बसतो" म्हणणाऱ्यांचा ढीग मी कमी झालेला पाहिलेला नाही. परीक्षा तोंडावर असेल तर कोणती कार्डं बाजूला ठेवायची हे शिक्षकांना विचारा.

प्रश्न : '३० दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट' करणारं गुप्त सूत्र असलेलं अ‍ॅप घ्यावं का?

घेऊ नका. एसएम-२ आणि एफएसआरएस दोन्हींची सूत्रं कुणालाही वाचता येतात, आणि अँकी संगणकावर फुकट चालतं. गुप्त म्हणून विकतात ते तपासता येत नाही, म्हणूनच विकतात. पैसे भरलेच असतील तर परताव्याच्या अटी आजच वाचा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. हल्ली तेच तेच विचारते, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते. तिला फ्लॅशकार्डं सुरू करून देऊ का?

कार्डं नंतर. आधी डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. हे कधीपासून होतंय आणि कोणती औषधं चालू आहेत, ते लिहून सोबत न्या.