स्कॉटलंडच्या जनगणनेत शेतमजूर १८४१ ला ३५ वर्षांचा, १८५१ ला ४८ चा: माणूस एकच का?

हो, एकच असू शकतो. १८४१ च्या नोंदीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. ३५ म्हणजे ३५ ते ३९, दहा वर्षांनी ४५ ते ४९, त्यात ४८ बसतं. त्या वर्षी कुटुंबप्रमुखाशी नातंही लिहीत नसत, म्हणून घरातली दुसरी प्रौढ बाई बायकोच असं धरू नका. ती बहीण किंवा मोलकरीणही असेल. नातं आणि जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला स्थानिक विभाग) १८५१ पासून मिळतो. गाव बदललेलं दिसलं तरी घाबरू नका, शेतमजूर कामासाठी सतत हलत. मात्र सगळ्याच प्रगणकांनी वय असं उतरवलं नाही, तेव्हा मुलांची नावं आणि वयं जुळवूनच खात्री करा. तो १८५५ नंतर वारला असेल तर मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावंही बघा.