विजेतेपदं मोजण्याआधी टीममेट बघ

पत्र थोडक्यात: ‘मी सोळा वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून मोटोजीपी (मोटरसायकल शर्यतींची जागतिक मालिका) रायडर्सची वही ठेवतो: कुणाची किती विजेतेपदं, किती विजय, किती पोडियम (पहिल्या तिघांतली जागा). त्यावरून क्रमवारी लावतो, पण मित्रांशी वाद काही मिटत नाही. माझा आवडता दानी पेद्रोसा. त्याला मोठ्या वर्गाचं (सगळ्यांत ताकदवान गाड्यांचा, आधी ५०० सीसी, आता मोटोजीपी) विजेतेपद एकदाही मिळालं नाही, मग तो अपयशी ठरतो का? मला याच क्षेत्रात काम करायचं आहे. रायडर म्हणून जमेल का? नाही जमलं, तर रायडर्सची पारख करणं हे काम असू शकतं का?’

प्रिय मित्रा,

वही चालू ठेव, फक्त पहिला रकाना बदल. तू विजेतेपदांपासून सुरुवात करतोस, आणि विजेतेपदात रायडर, गाडी, टायर, प्रतिस्पर्धी आणि त्या वर्षीची गुणपद्धत असं सगळंच मिसळलेलं असतं. जिआकोमो अगोस्तिनीची १५ विजेतेपदं घे. त्यातली ८ ५०० सीसीची आणि ७ ३५० सीसीची, कारण तेव्हा एकाच मोसमात दोन वर्गांत उतरता येत असे. होंडाने १९६७नंतर कारखान्याचा संघ मागे घेतला आणि १९६८मध्ये अगोस्तिनीने या दोन्ही वर्गांतली एकूण एक शर्यत जिंकली. तो महान होताच, पण त्या वर्षी त्याच्या एमव्ही अगुस्ताला टक्कर देणारी गाडी मैदानात नव्हती. ती १५ आणि मार्क मार्केझची ९ एकाच पट्टीने कशी मोजणार?

गुणांची गंमत तर वेगळीच. १९९९मध्ये एमिलियो अल्झामोरा १२५ सीसीचा जगज्जेता झाला, त्या मोसमात एकही शर्यत न जिंकता. २०२४मध्ये पेको बान्यायाने रविवारच्या ११ शर्यती जिंकल्या, होर्हे मार्तिनने ३. विजेतेपद मार्तिनला, १० गुणांनी. शनिवारच्या स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराच्या, शर्यतींना २०२३पासून जवळपास निम्मे गुण मिळतात, आणि बान्याया पडला त्या दिवशी त्याच्या खात्यात शून्य जमा झालं. म्हणून विजयांच्या शेजारी ‘शून्य गुणांच्या शर्यती’ असा रकाना कर. मोसम कुठे निसटला ते त्यात दिसतं.

आता मुख्य मोजमाप. तीच गाडी, तेच टायर आणि तोच ट्रॅक मिळालेला माणूस एकच असतो, तो म्हणजे टीममेट. तुलना त्याच्यापासून सुरू कर.

केसी स्टोनर हे याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. २००७ ते २०१० या चार वर्षांत दुकातीने मोठ्या वर्गात २४ शर्यती जिंकल्या, त्यातल्या २३ स्टोनरच्या. उरलेली एक त्याचा टीममेट लोरिस कापिरोसीची, २००७मध्ये जपानच्या मोतेगीला. २००७च्या यशाचं श्रेय ब्रिजस्टोन टायरना देणारे बरेच आहेत, पण कापिरोसीकडेही तेच टायर होते. स्टोनर २०११ला होंडात गेला आणि पहिल्याच वर्षी जगज्जेता झाला. दुकातीवर आला व्हॅलेंतिनो रॉसी, तोवर ९ विजेतेपदं नावावर असलेला. दोन मोसमांत त्याला एकही विजय मिळाला नाही. दुकातीचा पुढचा विजय थेट २०१६मध्ये, आंद्रेया यानोनेचा, ऑस्ट्रियात. तुझ्या आताच्या वहीत रॉसी ९ आणि स्टोनर २. त्या गाडीवर बसल्यावर मात्र हा आकडा उलटा वाचावा लागतो.

यावरून रॉसी कमी ठरतो असं समजू नकोस. त्याने २००३चं विजेतेपद होंडावर मिळवलं आणि २००४ला, आदल्या वर्षी चाचपडणाऱ्या यामाहावर बसून, पहिलीच शर्यत जिंकली आणि मोसमही. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर मोठ्या वर्गाचं विजेतेपद मिळवणं एडी लॉसनला १९८८-८९मध्ये जमलं होतं. दोघांच्या क्षमता निराळ्या: स्टोनर बिघडलेली गाडीही पळवायचा, रॉसी गाडी कशी सुधारायची हे संघाला सांगू शकायचा. ‘सर्वोत्तम कोण’ या एका प्रश्नात हे दोन्ही कोंबलं की वाद मिटत नाहीत.

टीममेटच्या मोजमापालाही पळवाटा आहेत. एका कंपनीच्या दोन गाड्या दरवेळी सारख्या नसतात. २०२४मध्ये मार्केझ ग्रेसिनी संघात आदल्या वर्षीच्या दुकातीवर होता, बान्याया आणि मार्तिन नव्या गाडीवर. जुन्या गाडीवर चौघे होते, पण जिंकला फक्त मार्केझ, तीन वेळा. तेव्हा गाडीचं वर्षही लिहीत जा. दुसरी पळवाट बसण्याच्या पद्धतीची. होर्हे लोरेन्झो २०१७ला दुकातीवर आला आणि वर्षभर जिंकला नाही. ब्रेक मारताना शरीर धरून ठेवायला टाकीचा आधार मिळत नव्हता, सगळा भार हातांवर यायचा आणि शर्यतीच्या उत्तरार्धात हात गळून जायचे. २०१८मध्ये टाकीचा आकार बदलला. इटलीतलं मुजेल्लो जिंकलं, मग स्पेनमधलं कातालुन्या, मग ऑस्ट्रिया. ‘दुकाती त्याला जमली नाही’ असं २०१७च्या अखेरीस लिहिलेल्या वहीला सहा महिन्यांत खाडाखोड करावी लागली असती.

आता आकडे कसे काढायचे ते सांगतो, कारण तुझ्या वहीत निकाल आहेत, लॅप (ट्रॅकची एकेक फेरी) नाहीत. शर्यतीनंतर अधिकृत टायमिंगची पत्रकं मिळतात. त्यात प्रत्येक रायडरची प्रत्येक लॅप चार सेक्टरांत, म्हणजे ट्रॅकच्या चार तुकड्यांत, तोडून दिलेली असते. त्यातून हे कर:

पहिल्या दोन लॅप काढून टाक, त्यात गर्दी असते. पिवळा झेंडा (पुढे धोका असल्याची खूण), पाऊस किंवा वळणात रुंद जाऊन गमावलेल्या लॅपही काढ. उरलेल्यांची सरासरी घेऊ नकोस, वेळा क्रमाने लावून मधली किंमत घे. एक वाईट लॅप सरासरी बिघडवते, मधल्या किमतीला धक्का लावत नाही. मग शर्यतीचे तीन भाग करून प्रत्येकाची मधली किंमत वेगळी लिही. टायर कोण सांभाळतो ते तिसऱ्या भागात कळतं. लॅपमागे फक्त ०.१ सेकंदाचा फरक २५ लॅपमध्ये २.५ सेकंद होतो, म्हणजे सरळ रस्त्यावर मागच्याला तुझी गाडी दिसते पण गाठता येत नाही. टीममेटचा फरक सेकंदांत लिहू नकोस, टक्क्यांत लिही. जर्मनीतल्या झाक्सेनरिंगची लॅप सुमारे ८० सेकंदांची, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची सुमारे १२०. झाक्सेनरिंगचे ०.३ सेकंद म्हणजे जवळपास ०.३८ टक्के, सिल्व्हरस्टोनचे ०.२५.

पात्रता फेरीची (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारी) लॅप वेगळ्या पानावर ठेव. नव्या मऊ टायरवर एक लॅप मारणं आणि घासलेल्या टायरवर वीस लॅप मारणं ही दोन कौशल्यं आहेत. पात्रता फेरीत पुढच्याच्या स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे त्याच्या मागे हवेचा रोध कमी होऊन, मिळालेली लॅप असेल तर तसा शेरा मार. मागचा टायर मऊ होता की मध्यम, तेही लिही. ही एक नोंद राहिली तर बाकीची मेहनत वाया जाते.

सेक्टर पाहताना वळणांची दिशाही बघ. झाक्सेनरिंगला १३ वळणं, त्यातली १० डावी. तिथे मार्केझ २०१० ते २०२१ दरम्यान ज्या ज्या वर्षी उतरला त्या त्या वर्षी जिंकला, तीन वेगवेगळ्या वर्गांत. मातीच्या ओव्हल ट्रॅकवर सराव करणारे रायडर डावीकडेच वळत असतात, त्यामुळे मागचं चाक घसरत असताना गाडी ताब्यात ठेवण्याची सवय त्या बाजूला जास्त होते. म्हणून डाव्या आणि उजव्या वळणांच्या सेक्टरांचा हिशेब वेगळा ठेवला की एखाद्याचं बळ नेमकं कुठे आहे ते दिसतं.

वेगवेगळ्या काळांची तुलना मात्र जपून कर. २००१पर्यंत ५०० सीसी टू-स्ट्रोक, २००२पासून ९९०, २००७पासून ८००, २०१२पासून १००० सीसी, २०२७पासून ८५०. सगळ्यांना एकच टायर कंपनी २००९पासून, सगळ्यांना एकच इलेक्ट्रॉनिक्स २०१६पासून. टू-स्ट्रोक गाडीत थ्रॉटल थोडा जास्त उघडला की मागचं चाक सुटून पुन्हा पकड घ्यायचं आणि रायडर हवेत फेकला जायचा. आज ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की ताकद कमी करणारं इलेक्ट्रॉनिक्स) ते आवरतं. ५०० सीसीच्या काळातल्या मिक डूहानचे ५४ विजय आणि मार्केझचे विजय शेजारी मांडायला हरकत नाही, पण त्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. डूहानच्या नावापुढे नेदरलँड्समधल्या ॲसन ट्रॅकवरचा १९९२चा अपघातही लिही. उजवा पाय जायची वेळ आली होती, नंतर तो पायाऐवजी डाव्या अंगठ्याने मागचा ब्रेक लावायला लागला आणि १९९४ ते १९९८ सलग पाच वर्षं जगज्जेता झाला. अंगठ्याचा ब्रेक आता धडधाकट रायडरही वापरतात, कारण उजव्या वळणात पूर्ण झुकलेल्या गाडीवर उजवा पाय पेडलपर्यंत नेणं अवघड असतं.

दुखापतीचा रकाना नसलेली वही खोटी पडते. मार्केझचा उजवा दंड जुलै २०२०मध्ये स्पेनच्या हेरेथला मोडला. शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांत तो गाडीवर बसला. पुढे हाडाला बसवलेली पट्टी तुटली, एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०१९नंतरचं पुढचं विजेतेपद २०२५ला आलं. रायडर व्हायचं ठरवलंस तर एवढं आधीच ठरवून ठेव की परतण्याची तारीख डॉक्टर ठरवतील, तू नाही.

आता पेद्रोसा. मोठ्या वर्गात ३१ विजय, त्याआधी १२५ आणि २५० सीसीची मिळून ३ विजेतेपदं. उंची १६० सेंटिमीटरच्या आसपास, वजन जेमतेम ५० किलो. हलक्या रायडरची गाडी वेगाने सुटते, पण टायरवर भार कमी पडतो, टायर लवकर तापत नाही, आणि वळणात गाडी उलटसुलट ढकलायला वजन अपुरं पडतं. थंड दिवशी त्याचे निकाल बघ, मग गरम दिवशीचे. त्यात रॉसी, स्टोनर, लोरेन्झो आणि मार्केझ हे चौघे त्याच्याच काळात. निवृत्तीनंतर केटीएमचा टेस्ट रायडर म्हणून २०२३मध्ये इटलीतल्या मिसानोला तो वाइल्डकार्डवर (त्या शर्यतीपुरत्या प्रवेशावर) उतरला आणि स्प्रिंट व मुख्य शर्यत, दोन्हींत चौथा आला, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. अपयशी माणसाला कंपनी गाडी घडवायला ठेवत नाही. टेस्ट रायडर ही या क्षेत्रातली खरी नोकरी आहे. पडल्याशिवाय सारख्याच लॅप मारणं आणि काय बदललं ते इंजिनिअरला नेमक्या शब्दांत सांगणं, ही त्याची पात्रता.

तुझ्या स्वतःच्या रायडर होण्याबद्दल सरळ सांगतो. नेहमीची वाट मिनीबाइकपासून सुरू होते, मग कनिष्ठ चषक, मग मोटोजीपीखालचे वर्ग, मोटो३ आणि मोटो२. या जागतिक मालिकांत किमान वय १८ आहे, ठरावीक कनिष्ठ मालिकांत अव्वल राहिलेल्यांना थोडी सूट मिळते. अठराव्या वर्षी तिथे पोचणाऱ्यांच्या मागे दहा-बारा वर्षांच्या शर्यती असतात. तू अजून ट्रॅकवर उतरलेला नसशील तर ही वाट जवळजवळ बंद आहे. मोटो३ आणि मोटो२मध्ये रायडर आणि गाडी यांचं एकत्रित किमान वजन मोजतात. उंच, भरलेल्या अंगाच्या मुलाचं तिथे नुकसान होतं. खालच्या वर्गांत बरेच रायडर जागेसाठी स्वतः प्रायोजक आणतात, तेही घरात बोलून घे.

दुसरी वाट उत्पादन गाड्यांची, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या: आधी छोटे वर्ग, मग सुपरस्पोर्ट, मग सुपरबाइक. ती उशिरा येणाऱ्यांना जास्त क्षमाशील आहे. ट्रॉय बेलिसने विशी ओलांडल्यावर रोड रेसिंग सुरू केलं, तीनदा सुपरबाइक जगज्जेता झाला, आणि २००६मध्ये जखमी रायडरच्या जागी वालेन्सियाला एकदाच बोलावलं तर मोटोजीपीची ती शर्यतही जिंकून गेला. अशी उदाहरणं विरळ असतात, पण त्या वाटेची दारं कुठे आहेत ते त्यातून कळतं. जोनाथन रेने सहा सुपरबाइक विजेतेपदं मिळवली, मोटोजीपीत पूर्ण मोसम कधीच केला नाही, आणि कारकीर्द उत्तम झाली.

पारख करण्याचं काम असतं का? असतं, आणि त्याचं नाव डेटा इंजिनिअर. ब्रेकचा दाब, थ्रॉटलची उघडझाप, सस्पेन्शनची हालचाल, चाकांचा वेग, झुकाव हे सगळं गाडीवर नोंदलं जातं. दोन रायडर्सच्या रेघा एकावर एक ठेवून कुणी कुठे आधी ब्रेक सोडला ते तो सांगतो. त्यासाठी यांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण हवं, प्रोग्रामिंग हवं. क्रू चीफ, म्हणजे एका रायडरच्या तांत्रिक चमूचा प्रमुख, व्हायला याशिवाय माणसं वाचता यावी लागतात. ‘पुढून काही कळत नाही’ असं रायडर म्हणाला की फोर्कची (पुढच्या सस्पेन्शनची) स्प्रिंग मऊ करायची, की टायरचा दाब बघायचा, की त्याला थोडं शांत बसू द्यायचं, हे ठरवणारा तो. जेरेमी बर्जेस डूहानचा क्रू चीफ होता, पुढे रॉसीचाही.

पुढच्या दोन महिन्यांसाठी मोटोजीपी बाजूला ठेव आणि मोटो२ घे. तिथे २०१९पासून सगळ्यांना ट्रायम्फचं तेच ७६५ सीसी इंजिन आहे, त्यामुळे गाडीचा गोंधळ कमी आणि रायडरचा फरक जास्त दिसतो. एका संघाचे दोन रायडर निवड, सलग सहा शर्यतींची पत्रकं उतरव, वर सांगितलेले रकाने भर. मग सातव्या शर्यतीआधी, पात्रता फेरी संपली की, दोघांत तिसऱ्या भागात कोण पुढे असेल आणि किती टक्क्यांनी, ते लिहून ठेव. चुकलास तर ती पाने मला पाठव, बरोबर आलेली नकोत.