पहिल्या महिन्यातलं रडणं

गेल्या महिन्यात नाशिकहून एका ताईंचा मेसेज आला. मुलगी एमएस करायला जर्मनीला गेली, तीन आठवडे झालेत. रोज रात्री फोनवर रडते, ‘मला इथे नाही राहायचं’ म्हणते. वडिलांचं म्हणणं, सवय होईल, उलट फोन कमी करा. आई विचारतात, ‘तिकीट काढू का? तिला तसंच सोडलं आणि काही झालं तर?’

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर देताना मला एक आई आठवते. तिचा मुलगा शिकायला नव्हे, धर्मप्रचाराला गेला होता. तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी मूळची मिरजेची. गेली अठरा वर्षं सॉल्ट लेक सिटीजवळ समुपदेशन करते. अमेरिकेतलं हे युटा राज्य म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं माहेरच, त्यामुळे माझ्याकडे येणारे बरेचजण त्याच समाजातले. मी त्यांच्या धर्माची नाही, तरी इतक्या वर्षांत त्यांची घरं जवळून पाहिलीत. या घरांत मुलगा 18 वर्षांचा झाला की मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जायची तयारी सुरू होते. 2012 पर्यंत हे वय 19 होतं. मुलग्यांसाठी दोन वर्षं, मुलींसाठी दीड. कुठे जायचं हे मुलाने ठरवायचं नसतं. चर्चकडून पत्र येतं, सगळं घर गोळा होतं आणि सर्वांसमोर ते उघडलं जातं. कुणाला ब्राझील लागतं, कुणाला शेजारचं राज्य. आणि खर्च घरचाच. अमेरिकेतल्या कुटुंबाला महिन्याला 400 डॉलर भरावे लागत, 2020 मध्ये ते 500 झाले.

या मुलाला जपान लागलं. प्रोव्हो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात नऊ आठवडे जपानी शिकून तो ऐन जानेवारीत होक्काइदोला उतरला. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नेमप्लेट. घरचं नाव मागे राहिलं, आता तो फक्त ‘एल्डर’ (मिशनरी मुलग्यांना असंच म्हणतात) आणि आडनाव. सोबत एक जोडीदार, तोही चर्चने ठरवलेला, त्याला चोवीस तासांत एकटं सोडायचं नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातला एक दिवस मोकळा: कपडे धुवायचे, बाजार करायचा, घरी फोन करायचा. हा फोनसुद्धा अलीकडचा. फेब्रुवारी 2019 पर्यंत वर्षातून दोनदाच घरी बोलता यायचं, नाताळला आणि मदर्स डेला.

आई माझ्याकडे आली तेव्हा मुलाला जपानला जाऊन पाच आठवडे झाले होते. बसल्याबसल्या तिने पर्समधून एक वही काढली. दर फोनला मुलगा किती वेळ रडला, ते तिने मिनिटांत लिहून ठेवलं होतं. अकरा, चौदा, नऊ, वीस. आणि म्हणाली, ‘मीच त्याला पाठवलं. त्याचं मन नव्हतं बहुतेक.’

मी विचारलं, फोन होतो कसा? जपानमधली सोमवारची सकाळ म्हणजे आमच्याकडे रविवार संध्याकाळचे सहा. म्हणजे जेवणाची वेळ. आजी-आजोबा, चार भावंडं, कुत्रा, सगळे टेबलाशी एका चौकटीत दाटीवाटीने. पहिला प्रश्न आजीचा: ‘बरा आहेस ना रे?’ की मुलाचा बांध फुटायचा. का नाही फुटणार? समोर भरलेलं ताट, गजबजलेलं घर आणि आपल्या खुर्चीवर बसलेला धाकटा भाऊ. अख्ख्या आठवड्यात त्याला मनासारखं बोलता आलेलं नसायचं, ते सगळं त्या एका तासात बाहेर यायचं. आई त्या तासावरून बाकीच्या एकशे सदुसष्ट तासांचा अंदाज बांधत होती.

त्या बाकीच्या तासांत काय चाललं होतं? दारोदार फिरणं. एक गोष्ट त्याने आईला सांगितली होती, ती मला फार बोलकी वाटली. बेल दाबली की इंटरकॉमवर आवाज यायचा, ‘केक्को देस.’ वर्गात तो शिकला होता की केक्को म्हणजे छान, उत्तम. म्हणून तो बर्फात उभा राहून दार उघडायची वाट पाहायचा. जोडीदाराने बाही ओढून सांगितलं, ‘अरे, दारावर त्याचा अर्थ नको असा होतो.’ आपल्याकडे कुणी ‘बघू’ म्हटलं की समोरच्याने काय ते समजून घ्यायचं असतं, तसंच हे. पण हे कळायला त्या भाषेत मुरावं लागतं. तेवढे दिवस त्याला मिळालेच नव्हते आणि त्याने निष्कर्ष काढला होता की देव आपल्यावर नाराज आहे.

मला काळजी वाटली ती याची. घरची आठवण येणं हे दुखणं नव्हे. पण त्या आठवणीचीच लाज वाटू लागली की मूल आतल्या आत मिटतं. मिशनरीला वाटतं, आठवण येते म्हणजे आपली श्रद्धा कच्ची. आपल्या मुलांना वाटतं, बाबांनी कर्ज काढून पाठवलं आणि मी रडत बसलेय. दोन्हीकडे रडण्यावर अपराधाचं ओझं चढतं.

त्यात वडिलांनी एक ईमेल पाठवला होता. गॉर्डन हिंक्ली हे या चर्चचे 1995 ते 2008 या काळातले अध्यक्ष. 1933 मध्ये तरुण मिशनरी म्हणून ते इंग्लंडमध्ये प्रेस्टनला गेले. सुरुवातीलाच हताश होऊन त्यांनी घरी लिहिलं की मी माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतोय. वडिलांचं उत्तर आलं: स्वतःला विसर आणि कामाला लाग. मॉर्मन घरांत हे वाक्य आपल्याकडच्या सुविचारासारखं तोंडी असतं. या वडिलांनी मुलाला तेवढंच पाठवलं होतं, बाकी काही नाही.

मी त्या वाक्याच्या विरोधात नाही. काम, चालणं, माणसांत मिसळणं यांनी आठवणीची धार खरोखर बोथट होते. पण मूल दमलंय की आजारी आहे हे पाहिल्याशिवाय ते वाक्य पाठवायचं नसतं. माझ्याकडे एक मुलगी येत असे, ती पाचव्या महिन्यात मिशनवरून परत आलेली. तिला झोप नव्हती, अन्नावरची वासना गेली होती, मरणाचे विचार येत होते, आणि चारही बाजूंनी तिला ‘कामाला लाग’ एवढंच ऐकवलं जात होतं. ती वेळीच परतली याचं मला आजही हायसं वाटतं. इथे मिशन पूर्ण करून येणाऱ्यांसाठी विमानतळावर फुगे, फलक, सगळं गणगोत हजर असतं. तिला घ्यायला फक्त आई आणि मावशी होत्या. तिच्या औषधोपचाराला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ त्या रिकाम्या विमानतळातून बाहेर यायला लागला.

म्हणून मी या आईला आधी दोन गोष्टी करायला सांगितल्या. येत्या रविवारी टेबलावरचा फोन नको. आधी पंधरा मिनिटं ती आणि मुलगा, दोघंच, दार लावून. आणि ‘बरा आहेस ना’ नको. त्याला ‘हो’ म्हणावं लागतं, नाहीतर रडावं लागतं. थेट विचारायचं: रात्री किती तास झोपतोस? जेवण जातं का? दिवसातून एखादा क्षण तरी बरा जातो का? जगणं नको असं वाटतं का? शेवटचा प्रश्न ऐकून ती दचकली. सगळेच दचकतात. विचारल्याने असे विचार डोक्यात भरत नाहीत; उलट, असतील तर बोलायला वाट मिळते.

पुढच्या भेटीत तिने वही उघडली, या वेळी मिनिटं नव्हती. झोप सात तास. भूक चांगली; रामेन आवडायला लागलंय. तिथल्या चर्चमधली एक म्हातारी बाई त्याच्या चुका न हसता सुधारते, तिच्याकडे गेलं की बरं वाटतं. मरणाचा विचार? ‘नाही गं आई, मला फक्त घरी यायचंय.’ त्या ‘फक्त’वर ती पहिल्यांदा मनमोकळी रडली.

मग वडिलांना बोलावलं. त्यांना मी त्यांच्याच चर्चचा इतिहास विचारला, कारण तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. पहिले मॉर्मन मिशनरी जपानला 1901 मध्ये पोहोचले. फारसं कुणी धर्मात येईना म्हणून 1924 मध्ये ते मिशन बंद झालं आणि 1948 मध्ये पुन्हा उघडलं. ‘मग बंद दारं तुमच्या मुलामुळे आहेत का?’ ते बराच वेळ गप्प होते. त्या रात्री त्यांनी मुलाला मोठा ईमेल लिहिला. स्वतःच्या मिशनच्या पहिल्या महिन्यात ते बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, हे बायकोलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मुलगा तिथेच राहिला. चौथ्या महिन्यात फोन कंटाळवाणे झाले, असं आई तक्रारीच्या सुरात म्हणाली. मला फार आनंद झाला.

पुष्कळांना वाटतं, परदेशात आधी नवलाई असते, मग घसरण, मग सावरणं. तसा एक आलेख 1955 पासून सांगितला जातो. पण न्यूझीलंडला शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं दाखवतो: त्रास अगदी सुरुवातीलाच सर्वाधिक होता आणि पुढे कमी होत गेला. तेव्हा ताई, तुमच्या लेकीला नवलाईचे दिवस मिळालेच नाहीत म्हणून निर्णय चुकला, असं समजू नका.

फोन कमी करू नका, पण रोज रात्रीचा फोन संध्याकाळी घ्या. दमलेलं मन झोपायच्या वेळी सगळ्यात हळवं असतं. बाबांना वेगळं बोलू द्या, आणि कर्जाचा विषय दोघांनीही काढू नका. जर्मनीत विद्यापीठांच्या गावी ‘श्टुडिरेंडनवेर्क’ नावाची विद्यार्थी सेवा संस्था असते, तिथे समुपदेशन मिळतं. तिला पत्ता शोधायला सांगा, अपॉइंटमेंट तिची तिला घेऊ द्या. आणि ते चार प्रश्न या शनिवारी विचारा. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर मला कळवा, आपण तिच्याशी बोलू. चौथ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर मात्र माझ्या उत्तरासाठी थांबू नका; तिला फोनवर धरून ठेवा, दुसऱ्या फोनवरून तिच्या रूममेटला तिच्याजवळ पाठवा, तिथला आपत्कालीन क्रमांक 112 लावायला सांगा, आणि मग खुशाल तिकीट काढा.