जास्वंदीच्या फुलातले किडे पराग कसे खातात?

प्रश्न : आमच्या नेरूळच्या घरी गॅलरीत जास्वंदीची कुंडी आहे. पूजेसाठी फूल तोडताना केसरांमध्ये तिळाहून बारीक, लांबट किडे पळताना दिसतात. ते पराग खातात असे समजले. एवढ्याशा किड्याला परागकण फोडता तरी कसा येतो? त्यांच्यावर औषध फवारावे का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : वर्णनावरून हे फुलकिडे असावेत, रोपवाटिकांत त्यांना थ्रिप्स म्हणतात. पांढऱ्या कागदावर फूल झटकले, की जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचे निमुळते किडे आणि त्यांची पिवळसर, बिनपंखी पिल्ले धावताना दिसतील.

आपली शंका रास्त आहे, कारण परागकणाचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते आणि तो इतका चिवट असतो, की लाखो वर्षांपूर्वीच्या गाळातही अशी कवचे ओळखू येतील इतकी शाबूत सापडतात. फुलकिडे हे कवच चावत बसत नाहीत. त्यांचा फक्त डावा जबडा वाढलेला असतो, उजवा खुरटलेला. त्या एकाच टोकदार जबड्याने ते कणाला भोक पाडतात, सुयांसारखे दोन अवयव जुळून झालेली नळी आत सरकवतात आणि आतला रस शोषून घेतात. मागे उरते ते चुरगळलेले, रिकामे कवच. पराग खाणाऱ्या सिर्फिड माशीची, म्हणजे फुलोरी माशीची, रीत अगदी वेगळी. ती कण अख्खेच गिळते. कवचावरच्या नैसर्गिक छिद्रांवाटे आतला अंश पोटात पचतो आणि कवचे विष्ठेतून बाहेर पडतात. मकरंदात मुख्यतः साखर असते. अंडी तयार होण्यासाठी या माशीच्या मादीला लागणारी प्रथिने मिळतात ती परागातूनच.

औषध मात्र फवारू नये, असे आमचे ठाम मत आहे. जास्वंदीचे फूल बहुधा एकाच दिवसाचे असते आणि बागेतल्या अनेक जातींना बी क्वचितच धरते, त्यामुळे थोडे पराग गेल्याने झाडाचे काही बिघडत नाही. उलट फवारा शेजारच्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर उडाला, तर तेथे येणाऱ्या फुलोरी माश्या मरतील. कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, तर त्या रोज वेचून टाकाव्यात आणि झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. या किड्यांची कोषावस्था बहुतेक वेळा मातीत किंवा पाल्यापाचोळ्यात जाते, म्हणून कुंडीतला पालापाचोळाही काढून टाकावा.