चेतक नफ्यात विकली होती

"मॅडम, गाडी अजून दारात आली नाही आणि माझे पंधरा लाख गेलेत."

महेश हे खुर्चीत बसायच्या आधीच बोलला. (मी समुपदेशक. त्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला त्याची परवानगी आहे.) वय एक्केचाळीस, भोसरी एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप, चार व्हीएमसी (धातू कापणारी संगणकीय यंत्रं), दोन लेथ, अकरा माणसं. दसऱ्याला त्याने बीएमडब्ल्यूची एम३४० आय बुक केली होती. डिलिव्हरी डिसेंबरात होती. तो माझ्याकडे आला तेव्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चालू होता. रोज रात्री साडेअकराला फोन घेऊन बसायचं, जुन्या गाड्यांच्या ॲपवर तेच मॉडेल शोधायचं, दोन वर्षं जुनी केवढ्याला, तीन वर्षं जुनी केवढ्याला, किती किलोमीटर फिरलेली, हे टिपून ठेवायचं. झोपायला एक, कधी दोन. बायको वैशाली एकदाच बोलली होती, "घ्यायची तर घ्या, नाही तर नका घेऊ. पण रात्रीचा तो उजेड बंद करा."

दसरा-दिवाळीनंतर हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. गाडी बुक केली, आता पोटात गोळा येतोय, रद्द करू का? बहुतेकांना वाटतं मी हो किंवा नाही सांगेन. मी काही आर्थिक सल्लागार नव्हे. तरीही आकडे बाजूला सारून थेट मनाकडे वळणं मला पटत नाही. माणूस घसाऱ्याची, म्हणजे गाडीची किंमत वर्षागणिक उतरत जाण्याची, काळजी घेऊन आला असेल, तर आधी घसारा नीट बघायला हवा. त्याची काळजी खोटी आहे असं गृहीत धरणं हा त्याचा अपमान आहे.

आणि महेशच्या काळजीला आधार होता. त्याच्या मित्राने तीच गाडी जुलैत घेतली होती. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. मोठ्या इंजिनाच्या सेडानवर तोवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के उपकर, असे ४८ टक्के लागत. ते सरसकट ४० झाले. नवी गाडी काही लाखांनी उतरली, म्हणजे मित्राची दोन महिन्यांची गाडीही तेवढीच उतरली. तिला ओरखडाही पडला नव्हता. महेशने हे जवळून पाहिलं होतं. त्यात गाडी डिसेंबरात हातात येणार. जानेवारी उजाडला की कागदावर ती एक वर्षाने म्हातारी, हे आपल्याकडे कुणीही सांगेल.

त्याने मला फोनवर एक तक्ता दाखवला: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. हा विम्याचा तक्ता. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर विमा कंपनी तिची किंमत किती धरणार, ते यावरून ठरतं. बाजारभाव याच्याशी बांधलेला नसतो. खपाची साधी गाडी कधी या तक्त्यापेक्षा वर विकली जाते, महागडी वेगवान गाडी बऱ्याचदा खाली. शिवाय हा तक्ता गाडीच्या किमतीवर चालतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स भरावा लागतो. तो गाडी विकताना हातात परत येत नाही, आणि वर्षावर्षाचा विमाही नाही. महेशला हे सगळं पाठ होतं. माझ्यापेक्षा जास्त.

मी विचारलं, "सीएशी बोललात?"

बोलला होता. घराचं कर्ज फिटलेलं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे, मशिनांचे हप्ते नियमित. गाडीसाठी पन्नास लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, म्हणजे महिन्याला एक लाख चार हजारांच्या आसपास. सीए म्हणाला होता, "उडवताय, पण झेपतंय."

हा टप्पा मी कधी सोडत नाही, कारण सगळ्यांचं उत्तर असं येत नाही. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण अशाच बेचैनीने आला होता. हिशेब मांडल्यावर दिसलं की हप्ता त्याच्या पगाराचा निम्मा भाग खाणार होता, आणि गावाकडे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं. त्याची बेचैनी खरं सांगत होती. त्याने बुकिंग रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले, आणि त्या रात्री तो झोपला. तिथे माझं फारसं काम नव्हतं.

महेशला मी कागद दिला आणि म्हटलं, टक्के नकोत, महिन्याचा आकडा काढा. अठ्ठ्याऐंशी लाख रस्त्यावर येईपर्यंत. पाच वर्षांनी वाईटात वाईट किती येतील? तो म्हणाला, अडतीस. म्हणजे पन्नास लाख साठ महिन्यांत. महिन्याला त्र्याऐंशी हजार.

"हे त्र्याऐंशी हजार तुम्हाला जड आहेत का?"

"नाही," तो लगेच म्हणाला. मग गप्प झाला. त्याचं त्यालाच ते उत्तर अनपेक्षित होतं.

जो हिशेब एकदा मांडून झालाय तो माणूस रोज रात्री पुन्हा मांडत असेल, तर त्याला पैशांचं उत्तर नको असतं. दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर तो त्या आकड्यांत शोधत असतो. हा प्रश्न कोणता, ते मला पहिल्या भेटीत कळलं नाही. मी चुकीच्या दिशेला गेले. वाटलं, लोक काय म्हणतील याची धास्ती असेल. कामगारांसमोर ही गाडी कशी उभी करायची, असं काहीतरी. त्याने शांतपणे मान हलवली. "आमची माणसं खूश आहेत मॅडम. पेढे मागतायत."

दुसऱ्या भेटीत मी त्याच्या मशिनांबद्दल विचारलं. व्हीएमसी घेताना तिची पुढची किंमत बघता का? तो हसला. "बघतो की. पाच वर्षांत तीही निम्म्यावर येते. पण ती कमावते ना."

"आणि गाडी?"

"गाडी काय कमावणार."

मग मी विचारलं की तिच्यात तुम्हाला नक्की काय आवडलं, आणि पहिल्यांदाच त्याचे खांदे खाली आले. मला वाटलं होतं तो वेगाचं सांगेल, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत वगैरे. त्याने इंजिनाचं सांगितलं. तीन लिटर, सहा सिलिंडर एका सरळ रांगेत. असे सहा ओळीत असले की पिस्टनच्या वरखाली होण्याचे धक्के एकमेकांना खोडून टाकतात, बाहेर काही येतच नाही. चार सिलिंडरात ते तसं होत नाही. हा माणूस वीस वर्षं शाफ्ट ग्राइंड करतोय, मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाचा फरक बोटाने ओळखतो. टेस्ट ड्राइव्हला त्याने गाडी आधी उभीच ठेवली होती, इंजिन चालू करून. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "कंप नाही मॅडम. म्हणजे आहे, पण गाण्यासारखा." द्रुतगती मार्गावर शंभरची मर्यादा आहे, घाटात साठची, हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. वैशालीने सांगितलंच होतं. त्याला त्याचं काही नव्हतं.

हे बोलून झाल्यावर तो एकदम म्हणाला, "पण आमच्याकडे गाडीत पैसे बुडवत नाहीत."

आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?

मग चेतकची गोष्ट आली. वडील, म्हणजे आप्पा, पिंपरीत कारखान्यात टर्नर होते. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणारी बजाज चेतक घराघरात हवी होती आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. काहींना दहा वर्षंही लागली. आप्पांचा नंबर ८३ साली आला. दोन वर्षं त्यांनी स्कूटर वापरली आणि घेतली त्यापेक्षा जास्त पैशांना विकली. त्या काळी हे शक्य होतं, कारण नवी मिळतच नव्हती. ज्याला थांबायचं नसे तो वापरलेलीला जास्त मोजायचा. घरात ही गोष्ट दर दिवाळीला निघते. आप्पांनी चेतक वापरून नफ्यात विकली. काकांना, जावयांना, सगळ्यांना ती माहीत आहे. महेशने पहिली मोटारसायकल विकली तेव्हा चार हजार कमी आले, तर तो आठवडाभर घरात बोलला नव्हता.

मला इथे थांबावंसं वाटलं. एका माणसाने परवाना-कोट्याच्या काळात स्कूटर विकली, आणि त्या टंचाईतून घराचा एक नियम तयार झाला: शहाणा माणूस वाहनात पैसे घालवत नाही. पुढे टंचाई गेली, पेट्रोलवरची ती चेतकही बंद झाली, नियम राहिला. आज बाजारातली कुठलीही साधी नवी गाडी त्या नियमात बसत नाही. महेश रोज रात्री ॲपवर ती एक जाहिरात शोधत होता जिच्यात त्याची गाडी कमी पडलेली नसेल. ती सापडली असती तर तो आप्पांचा शहाणा मुलगा ठरला असता.

"आप्पांना गाडीचं सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकाच घरात. त्यांना डिलिव्हरीच्या दिवशीच कळणार होतं.

मी त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, आप्पांना सांगायचं, किमतीसकट. दुसरी, शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठरवायचं आणि ठरवलेलं वैशालीच्या हातात लिहून द्यायचं. बुकिंग डिलिव्हरीपर्यंत रद्द करता येत होतं, आणि ही सोय त्याला सोडवत नव्हती, कुरतडत होती. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी अशा वेळी सांगते. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांना फोटोग्राफीच्या वर्गात स्वतःचे दोन आवडते फोटो छापायला दिले. त्यातला एक ठेवायचा, एक द्यायचा. काहींना सांगितलं की निर्णय आत्ताच, बदलता येणार नाही. काहींना सांगितलं की काही दिवसांत बदलून घेऊ शकता. ज्यांना बदलता येत नव्हतं त्यांना आपला फोटो पुढे जास्त आवडला. दार उघडं असलं की मन घरात बसत नाही, उंबऱ्यावरच घुटमळतं. शुक्रवारपर्यंत ॲप फोनमधून काढायचं, हेही ठरलं. रद्द करायचं ठरलं तरी मला चालणार होतं. तसं मी त्याला सांगितलंही, आणि त्याचा त्यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागला.

बुधवारी रात्री जेवणानंतर त्याने आप्पांना सांगितलं. आप्पांनी आकडा ऐकला, थोडा वेळ काही बोलले नाहीत. महेशने न राहवून विचारलं, "तुम्ही चेतक नफ्यात विकली होती ना."

"नफा कसला," आप्पा म्हणाले. "तुझ्या आत्याचं लग्न होतं. पैसे कमी पडत होते. नाही तर मी कशाला विकतो."

आणि मग, बऱ्याच वेळाने, "ज्याला विकली तो काळभोरनगरच्या चौकात लावायचा. मी चार-सहा महिने पलीकडच्या रस्त्याने कामावर जायचो."

चाळीस वर्षं ज्या गोष्टीला घर हुशारी म्हणत होतं, ती गोष्ट ही होती. महेशने मला हे सांगितलं तेव्हा त्याला रडू आलं, आणि त्याचं त्याला नवल वाटलं. मी काही समजावून सांगितलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, असं मला अनुभवाने वाटतं.

शुक्रवारी त्याने लिहून दिलं की गाडी घेणार. फक्त डिसेंबरची न घेता जानेवारीत बनलेली घेईन, तोवर थांबेन. हा बदल मला आवडला. घसाऱ्याची काळजी तो विसरला नव्हता. जिथे ती कामाची होती तिथे त्याने ती वापरली. विम्यात पूर्ण बिलाची रक्कम मिळवून देणारं जादा संरक्षण पहिल्या तीन वर्षांसाठी घ्यायचं, हेही त्याने त्याच कागदावर लिहिलं होतं.

तो अजून अधूनमधून येतो. स्वतःवर खर्च करताना हात थरथरणं एका गाडीने जात नाही. मुलीला नवी सायकल घेताना तेच पुन्हा झालं, त्यावर आमचं काम चालू आहे. गाडी फेब्रुवारीच्या शेवटी आली. सीट खाली आहे, आप्पांना बसताना दाराला धरावं लागतं, उठताना महेश हात देतो. मागच्या भेटीत त्याने घरखर्चाची वही दाखवली, कारण वैशालीने ती मला दाखवायला सांगितली होती. दूध, क्लासची फी, वीजबिल, आणि त्याखाली त्याच्या बारीक अक्षरात: गाडीचा घसारा, ८३,०००. महिन्यातून एकदाच लिहितो, म्हणाला. पहिल्या तारखेला, सकाळी.